पडद्यामागचे हिवाळी ऑलिंपिक : लेक प्लॅसिड गावाचा अनुभव

हिवाळी ऑलिंपिक सामने म्हटले की हिमाच्छादित डोंगरउतारावरून वाऱ्याच्या वेगाने खाली येणारे स्कीपटू, गुळगुळीत बर्फावर गिरक्या घेणारे स्केटिंगपटू आणि विजयमंचावर उंचावलेले राष्ट्रध्वज आपल्या डोळ्यांसमोर उभे राहतात. परंतु ज्या उतारावरून तो स्कीपटू आला, तो उतार आदल्या रात्री कोणी सारखा केला? ज्या बर्फावर ती गिरकी घेतली गेली, त्या बर्फाचे तापमान कोणी राखले? सामना पाहण्यास आलेल्या हजारो लोकांना डोंगरातून सुखरूप परत कोणी नेले? या प्रश्नांची उत्तरे शोधू लागले की मैदानावरील खेळाइतकेच मोठे असे दुसरे एक कार्य आपल्यासमोर येते. या कार्याला टाळ्या मिळत नाहीत. ते नीट पार पडले तर त्याची कोणी दखलही घेत नाही. बिघडले तर मात्र साऱ्या जगाला कळते.

या कार्याचे यश आणि अपयश अशा दोन्ही बाजू एकाच ठिकाणी पाहावयाच्या असतील, तर १९८० साली अमेरिकेतील लेक प्लॅसिड येथे भरलेल्या हिवाळी ऑलिंपिकसारखे दुसरे बोलके उदाहरण नाही.

अडीच हजार वस्तीचे यजमान गाव

लेक प्लॅसिड हे न्यूयॉर्क राज्याच्या उत्तर भागात, ॲडिराँडॅक पर्वतराजीत वसलेले गाव आहे. १९८० साली त्याची लोकसंख्या अवघी अडीच हजारांच्या आसपास होती. याच गावात १९३२ साली तिसरे हिवाळी ऑलिंपिक भरले होते व त्याचे उद्घाटन त्या वेळचे न्यूयॉर्क राज्याचे गव्हर्नर फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी केले होते. त्या सामन्यांत १७ देश सहभागी झाले होते. १९८० मध्ये त्याच गावात ३७ देशांचे एक हजारावर खेळाडू आले आणि १३ ते २४ फेब्रुवारी या काळात ३८ स्पर्धा झाल्या.

हे यजमानपद लेक प्लॅसिडला १९७४ साली मिळाले. त्याआधी दोनच वर्षे अमेरिकेतच एक लक्षणीय घटना घडली होती. १९७६ चे हिवाळी ऑलिंपिक कोलोरॅडो राज्यातील डेन्व्हर शहराला मिळाले होते. परंतु नोव्हेंबर १९७२ मध्ये झालेल्या मतदानात त्या राज्याच्या नागरिकांनी या सामन्यांवर सार्वजनिक पैसा खर्च करण्यास नकार दिला आणि ते सामने ऑस्ट्रियातील इन्सब्रुक येथे हलवावे लागले. मोठा समारंभ आपल्या दारी यावा की नाही, याचा निर्णय शेवटी करदात्या नागरिकाच्या हाती असतो, हे या प्रसंगाने दाखवून दिले. लेक प्लॅसिडच्या ग्रामस्थांनी मात्र आपल्या जुन्या परंपरेचा अभिमान बाळगून ही जबाबदारी आनंदाने अंगावर घेतली. संयोजन समितीची सूत्रे मुख्यतः स्थानिक मंडळींच्याच हाती होती. सामन्यांच्या वेळी समितीचे प्रमुख असलेले बर्नार्ड फेल हे गावातील धर्मोपदेशक होते.

हिम नसेल तर?

मराठीत आपण सर्वसाधारणपणे सर्वच गोठलेल्या पाण्याला बर्फ म्हणतो. या खेळांच्या संदर्भात मात्र आकाशातून भुरभुरत पडणारे हिम आणि पाणी गोठून झालेला कठीण बर्फ यांत भेद करावा लागतो. स्कीइंग, स्कीवरून उड्डाण, तसेच स्कीइंग व नेमबाजी यांचा मिळून होणारा बायथलॉन हे खेळ हिमावरचे. स्केटिंग, आइस हॉकी व घसरगाड्यांच्या शर्यती हे बर्फावरचे. या दोहोंच्या तयारीचे शास्त्र वेगवेगळे आहे.

हिवाळ्यात हिम पडणारच, असा आपला समज असतो. संयोजकांना तसे मानून चालत नाही. १९६४ साली इन्सब्रुक येथे ऐन वेळी हिमवर्षावाने पाठ फिरविली. तेव्हा ऑस्ट्रियाच्या लष्कराने उंच डोंगरांवरून बर्फाच्या सुमारे २० हजार लाद्या कापून घसरगाड्यांच्या मार्गासाठी खाली आणल्या आणि सुमारे ४० हजार घनमीटर हिम वाहून आणून स्कीइंगच्या उतारांवर पसरले. पुढे पाऊस पडून केलेले काम बिघडले, तेव्हा जवानांनी हातापायांनी हिम दाबून उतार पुन्हा तयार केले.

लेक प्लॅसिडच्या संयोजकांनी हा धोका आधीच ओळखला होता. व्हाइटफेस पर्वताचे उतार व सपाट प्रदेशातील स्कीइंगचे मार्ग यांसाठी त्यांनी कृत्रिम हिम तयार करण्याची यंत्रणा उभारली. १९७९-८० चा हिवाळा खरोखरीच कोरडा निघाला. पण ही यंत्रणा सज्ज असल्यामुळे स्पर्धा ठरल्याप्रमाणे होऊ शकल्या. हिवाळी ऑलिंपिकच्या इतिहासात कृत्रिम हिमाचा वापर झाला तो याच सामन्यांत प्रथम.

कृत्रिम हिम तयार करण्याची रीत तत्त्वतः सोपी आहे. दाबाखालील पाणी व दाबलेली हवा एकत्र करून त्यांचा फवारा थंड हवेत उंच उडविला जातो. पाण्याचे सूक्ष्म थेंब जमिनीवर पोहोचण्यापूर्वीच गोठतात आणि हिम होऊन खाली पडतात. त्यासाठी हवा नुसती थंड असून भागत नाही, ती कोरडीही असावी लागते. हवेत दमटपणा अधिक असेल, तर शून्याखाली दोन-तीन अंश तापमान असूनही हिम चांगले तयार होत नाही. म्हणूनच हे काम बहुधा रात्री चालते. गाव झोपलेले असते तेव्हा पंप, कॉम्प्रेसर आणि फवाऱ्यांची यंत्रे यांवर माणसे जागत असतात. दर तासाला तापमान व आर्द्रता पाहून पाण्याचे प्रमाण कमी-अधिक करीत असतात.

यास पाणी किती लागते, याचा एक ढोबळ हिशेब पाहण्यासारखा आहे. एक घनमीटर पाण्यापासून सुमारे दोन घनमीटर घट्ट कृत्रिम हिम मिळते. एक किलोमीटर लांब, १० मीटर रुंद असा मार्ग अर्धा मीटर जाडीच्या थराने झाकावयाचा झाल्यास पाच हजार घनमीटर हिम, म्हणजे सुमारे २५ लाख लिटर पाणी हवे. त्यावर पंप व कॉम्प्रेसर यांची वीज वेगळी. २०२२ च्या बीजिंग हिवाळी ऑलिंपिकमध्ये तर स्कीइंगचे जवळजवळ सर्वच उतार कृत्रिम हिमाचे होते. हवामान उष्ण होत चालले आहे, तसतसा हा खर्चही वाढत जाणार आहे. पाण्याचे मोल जाणणाऱ्या आपल्यासारख्यांच्या ध्यानात ही बाजू सहज येईल.

उतार घडविणारे हात

हिम पडले किंवा पाडले म्हणजे उतार तयार झाला असे होत नाही. शर्यतीसाठी मऊ हिम चालत नाही. त्यावरून पहिले काही स्कीपटू गेले की चर पडतात आणि मागून येणाऱ्यांना ते अन्यायाचे व धोक्याचे ठरते. म्हणून यंत्रांनी हिम दाबून घट्ट करतात, काही ठिकाणी त्यात पाणी सोडून ते गोठवितात, तर ऊन वाढून हिम विरघळू लागल्यास त्यावर मीठ टाकून पृष्ठभाग टणक करतात.

स्पर्धेच्या रात्री नवे हिम पडले, तर प्रेक्षकांस आनंद होतो. उतारावरील कामगारांची मात्र पहाट त्यातच उजाडते. हे नवे भुसभुशीत हिम काढून टाकावे लागते. त्यासाठी स्की घातलेले कामगार उतारावर आडवे उभे राहून ओळीने घसरत खाली येतात आणि पायांखालचे हिम बाजूला सारतात. वळणे दाखविणारे खांब रोवणे, पडलेले खांब काही क्षणांत पुन्हा उभे करणे, संरक्षक जाळ्या ताणून बांधणे, ठरावीक अंतरावर वैद्यकीय पथके तैनात ठेवणे अशी अनेक कामे सूर्योदयापूर्वी पुरी व्हावी लागतात.

या कामातील चुकीची किंमत कधी कधी प्राणांनी मोजावी लागते. व्हँकूव्हर येथील सामन्यांच्या उद्घाटनाच्याच दिवशी, १२ फेब्रुवारी २०१० रोजी, जॉर्जियाचा ल्यूज-खेळाडू नोदार कुमारिताश्विली सरावात घसरगाडीवरून फेकला जाऊन खांबावर आदळला व मृत्यू पावला. त्यानंतर त्या वळणावरील भिंत उंच करण्यात आली आणि पुरुषांच्या शर्यतीची सुरुवात अधिक खालच्या जागेवरून करण्यात आली. जी दक्षता दुर्घटनेनंतर घेतली गेली, ती आधी घेणे हेच पडद्यामागील कार्याचे पहिले कर्तव्य होय.

बर्फाचे शास्त्र

बर्फाचे मैदान म्हणजे गोठलेले तळे अशी जुनी कल्पना होती. आज बर्फाखाली नळ्यांचे जाळे असते व त्यांतून अतिशीत द्रव खेळविला जातो. १९६० साली अमेरिकेतील स्क्वॉ व्हॅली येथे हिवाळी ऑलिंपिकमध्ये स्पीड स्केटिंगसाठी प्रथम कृत्रिम शीतन केलेला बर्फ वापरण्यात आला. असे मैदान एकदम पाणी ओतून होत नाही. पाण्याचे पातळ थर एकावर एक गोठवीत दोन ते चार सेंटिमीटर जाडी आणतात. एखाद्या थरात हवेचे बुडबुडे राहिले, तर बर्फ ठिसूळ होतो.

प्रत्येक खेळाची गरजही निराळी असते. नृत्यासारख्या स्केटिंगमध्ये उडी मारून खाली येणाऱ्या खेळाडूस किंचित मऊ बर्फ लागतो, तर आइस हॉकीसाठी अधिक थंड व कठीण बर्फ हवा असतो. एकाच मैदानावर दोन्ही खेळ असतील, तर मधल्या काही तासांत बर्फाचा स्वभावच बदलावा लागतो. सामन्याच्या मध्यंतरात आपण जे मोठे वाहन फिरताना पाहतो, ते बर्फाचा खरवडलेला थर पात्याने तासून काढते आणि मागे गरम पाण्याचा पातळ थर पसरीत जाते. गरम पाणी कशासाठी, असा प्रश्न सहज पडतो. गरम पाण्यात विरघळलेली हवा कमी असते आणि ते खालचा बर्फ थोडासा वितळवून त्याच्याशी एकजीव होते. त्यामुळे पृष्ठभाग नितळ गोठतो.

हे वाहनच बंद पडले तर काय होते, हे १५ फेब्रुवारी २०१० रोजी व्हँकूव्हरनजीकच्या रिचमंड येथे दिसले. पुरुषांच्या ५०० मीटर स्पीड स्केटिंगच्या वेळी बर्फ सारखा करणारी यंत्रे बिघडली व शर्यत तासाहून अधिक काळ खोळंबली. पुढे दुसऱ्या बनावटीचे यंत्र कॅल्गरीहून मागवावे लागले.

सेकंदाचा शंभरावा भाग

वेळ मोजणाऱ्यांचे कामही असेच नजरेआड राहते. लेक प्लॅसिड येथे १५ किलोमीटर स्कीइंगच्या शर्यतीत स्वीडनच्या थॉमस वासबर्गला ४१ मिनिटे ५७.६३ सेकंद लागले, तर फिनलंडच्या युहा मिएतोला ४१ मिनिटे ५७.६४ सेकंद. पाऊण तासाच्या आत-बाहेरील शर्यतीचे सुवर्णपदक सेकंदाच्या शंभराव्या भागाने ठरले! मोजणी बिनचूक होती, यात शंका नव्हती. परंतु इतक्या दीर्घ शर्यतीत एवढ्या सूक्ष्म फरकावर जय-पराजय ठरविणे न्याय्य आहे काय, असा विचार पुढे आला आणि त्यानंतर या प्रकारच्या शर्यतींत वेळ सेकंदाच्या दहाव्या भागापर्यंतच धरण्याचे ठरले. उपकरण किती अचूक आहे एवढेच पाहून भागत नाही. त्या अचूकतेचा उपयोग कोठवर करावा, याचाही विवेक लागतो.

बस आलीच नाही

आतापर्यंत लेक प्लॅसिडच्या यशाची बाजू पाहिली. आता दुसरी बाजू. डोंगरातील अरुंद रस्त्यांवर हजारो मोटारी आल्यास वाहतूक ठप्प होईल, हे संयोजकांनी योग्यच ओळखले होते. म्हणून प्रेक्षकांनी आपली वाहने गावाबाहेर दूर ठेवावीत व तेथून बसने स्पर्धास्थळी यावे, अशी योजना आखण्यात आली. योजना कागदावर निर्दोष होती. प्रत्यक्षात बसगाड्या अपुऱ्या पडल्या, चालक कमी पडले, कोणती बस कोठे व केव्हा जाणार याची माहिती थांब्यावरील माणसांपर्यंत पोहोचेना. उद्घाटनाच्या दिवसापासूनच हजारो प्रेक्षक, त्यांत वृद्ध व लहान मुलेही, कडाक्याच्या थंडीत उघड्यावर तासन्‌तास ताटकळत राहिले. खाजगी मोटारींना बंदी असल्यामुळे त्यांना दुसरा मार्गही नव्हता.

अखेर न्यूयॉर्कचे गव्हर्नर ह्यू केरी यांना मर्यादित स्वरूपाची आणीबाणी जाहीर करावी लागली. बाहेरून जादा बसगाड्या आणण्यात आल्या आणि मग सामन्यांच्या उत्तरार्धात परिस्थिती सुधारली. पण तोपर्यंत जगभरच्या वृत्तपत्रांत लेक प्लॅसिडची बस हा टीकेचा विषय झाला होता. वृत्तपत्रांचे प्रतिनिधी गावातच होते. गावच्या हायस्कूलच्याच इमारतीत त्यांचे केंद्र उघडण्यात आले होते.

येथे एक गोष्ट विचार करण्याजोगी आहे. संयोजक तेच, गाव तेच, हिवाळाही तोच. हिम पडणे माणसाच्या हाती नव्हते, तरी हिमाअभावी स्पर्धा अडल्या नाहीत. बस सोडणे माणसाच्या हाती होते, आणि अडले ते तेथेच. याचे कारण असे की हिम पडणार नाही असे गृहीत धरून पर्यायी व्यवस्था उभी केली होती, तिची चाचणी घेतली होती. बस मात्र वेळेवर येईल असेच गृहीत धरले होते. निसर्गावर आपण सहसा विसंबत नाही. स्वतःच्या कागदी आराखड्यावर मात्र चटकन विसंबतो.

स्वयंसेवकांचे बळ

अडीच हजार वस्तीच्या गावातील सामन्यांसाठी ६,७०३ स्वयंसेवक राबले. १९८८ साली कॅल्गरी येथे ही संख्या ९,४९८ झाली. १९९४ साली नॉर्वेतील लिलेहॅमर येथे ९,०५४, तर १९९८ साली जपानमधील नागानो येथे ३२,५७९ स्वयंसेवक होते. यांत शिक्षक असतात, विद्यार्थी असतात, सेवानिवृत्त कर्मचारी व गृहिणी असतात. दुभाषाचे काम, तिकिटे तपासणे, वाटाड्याचे काम, मोटार चालविणे, स्कीपटू प्रत्येक खांबाच्या योग्य बाजूने गेला की नाही हे पाहणे, भोजनगृहात वाढणे, अशी शेकडो प्रकारची कामे ते करतात.

स्वयंसेवक वेतन घेत नाही. म्हणून त्याची चिंता वाहण्याची जबाबदारी संयोजकांवर अधिक असते. थंडीत एका जागी उभे राहणाऱ्याचे हातपाय प्रथम गारठतात. त्यास योग्य कपडे व बूट, गरम पेय, ठरावीक वेळाने बदली माणूस आणि निवाऱ्याची जागा मिळालीच पाहिजे. २०१८ साली दक्षिण कोरियातील प्यॉंगचांग येथे सामने सुरू होण्याच्या तोंडावर सुरक्षा कर्मचाऱ्यांमध्ये उलट्या-जुलाबांची साथ पसरली. सुमारे १,२०० कर्मचाऱ्यांना कामावरून बाजूला ठेवून त्यांच्या जागी ९०० सैनिक आणावे लागले. खेळाडूंच्या पाण्या-जेवणाची जेवढी काळजी, तेवढीच काळजी पहारेकऱ्याच्या पाण्या-जेवणाचीही घ्यावी लागते, हा त्याचा धडा.

सामने संपल्यावर

पाहुणे गेले म्हणजे यजमानाचा हिशेब सुरू होतो. लेक प्लॅसिड येथे खर्चाची तोंडमिळवणी झाली नाही व राज्य शासनाला पुढे यावे लागले. तथापि, उभारलेल्या सोयी वाया जाऊ नयेत म्हणून न्यूयॉर्क राज्याने १९८१ साली एक स्वतंत्र प्राधिकरण स्थापन केले आणि त्याच्याकडे मैदाने, उतार व मार्ग यांची व्यवस्था सोपविली. त्यामुळे तेथे पुढेही स्पर्धा व प्रशिक्षण चालू राहिले. २०२३ च्या जानेवारीत जागतिक विद्यापीठ हिवाळी क्रीडास्पर्धाही तेथेच झाल्या. खेळाडूंच्या निवासासाठी जवळच बांधलेल्या इमारतींचे सामन्यांनंतर तुरुंगात रूपांतर करण्यात आले. ही योजना आधीच ठरलेली होती आणि खोल्यांच्या कोंदटपणाबद्दल खेळाडूंनी तक्रारी केल्या होत्या. उपयोग आधी ठरविणे चांगले. पण तो ठरविताना आज तेथे राहणाऱ्या माणसाचा विसर पडू नये.

आपल्याकडे हिवाळी खेळांची चळवळ अद्याप लहान आहे. खेलो इंडिया हिवाळी क्रीडास्पर्धांना २०२० साली प्रारंभ झाला. बर्फावरचे खेळ लेह येथे व हिमावरचे गुलमर्ग येथे होतात, आणि महाराष्ट्राच्या स्केटिंगपटूंनीही तेथे पदके मिळविली आहेत. २०२५ मध्ये गुलमर्ग येथील फेब्रुवारीतील स्पर्धा पुरेशा हिमाअभावी पुढे ढकलाव्या लागल्या व त्या मार्चमध्ये झाल्या. इन्सब्रुक आणि लेक प्लॅसिडच्या संयोजकांपुढे जो प्रश्न होता, तोच आज आपल्या हिमालयातील संयोजकांपुढे आहे.

हिम पाहण्याचा प्रसंग आपल्यापैकी बहुतेकांवर येणार नाही. परंतु यात्रा, क्रीडामहोत्सव, निवडणूक किंवा परीक्षा, यांपैकी एखाद्या कामाची जबाबदारी प्रत्येक अधिकाऱ्यावर, शिक्षकावर व पंचायत सदस्यावर केव्हा ना केव्हा येतेच. अशा वेळी आराखडा मांडून झाल्यावर त्यातील प्रत्येक ओळीपुढे एक प्रश्न लिहावा : हे झाले नाही तर काय? ज्या ओळीपुढे उत्तर नसेल, तेथे आपली बस अडणार आहे असे समजावे. आणि कार्य सिद्धीस गेल्यावर जेव्हा विजेत्यांचा गौरव होईल, तेव्हा पहाटे उतारावर आडवे उभे राहून हिम सारणाऱ्या त्या अनामिक माणसाचेही स्मरण ठेवावे.